दप्तराची राखण

मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या तहसील कचेरीचा दप्तरखाना पाहिला म्हणजे प्रथम दृष्टीस पडतात ते लाल कापडाचे रुमाल: एकावर एक रचलेले, गावाच्या नावाची चिठ्ठी लावलेले, गाठींच्या जागी हातांच्या घामाने काळवंडलेले. त्या रुमालांत काय बांधलेले आहे हे पुष्कळांस ठाऊक असते. सेतवार, पाहणी पत्रके, फेरफाराच्या नोंदवह्या, इनामाचे मुन्तखब, अशा कागदांवर गावातील प्रत्येक कुटुंबाचे भवितव्य कोठे ना कोठे टेकलेले असते, आणि भावाभावांत वाद उपस्थित झाला की त्यांची आठवण सर्वांनाच होते. परंतु हे कागद दोन-दोन पिढ्या, क्वचित शंभर वर्षे, टिकले कसे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. पावसाळा संपला की रुमाल सोडून कागदांना ऊन दाखवावयाचे, वाळवी लागली आहे की काय ते फडताळाच्या मागे हात घालून पाहावयाचे, विरलेला रुमाल बदलावयाचा, आणि मुख्य म्हणजे बाहेर काढलेला कागद सायंकाळी त्याच रुमालात, त्याच क्रमाने परत जाईल याची खातरजमा करावयाची, हे सारे कोणीतरी वर्षानुवर्षे करीत आले म्हणून ते टिकले. हिंगोली जिल्ह्याच्या साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायतींत आज गावाचे दप्तर म्हणून जो संगणक बसला आहे, त्याचाही इतिहास लिहावयाचा झाल्यास तो यंत्राच्या आगमनाचा न लिहिता यंत्राच्या राखणीचा लिहावा लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आगमनाचे समारंभ एका दिवसाचे असतात आणि त्यांची छायाचित्रे निघतात, राखणीचे तसे काहीच निघत नाही.

हिंगोली हा जिल्हा म्हणून तरुण आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून तो वेगळा झाला आणि हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ हे पाच तालुके त्याच्या वाट्याला आले. पण गाव म्हणून हिंगोलीचा शासनाशी असलेला संबंध फार जुना. निजामाच्या राज्यात हैदराबाद कन्टिन्जन्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी अंमलाखालील फौजेची येथे छावणी होती. १९०३ साली ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली, तरी रिसाला, पलटण, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे अद्याप लोकांच्या तोंडी आहेत. छावणी म्हटली की हजेरीपट, रसदेचे हिशेब आणि पेन्शनीचे कागद आलेच. याप्रमाणे लेखी नोंद ही वस्तू येथील लोकांना नवी नव्हती. जी गोष्ट दुर्मिळ होती ती म्हणजे ती नोंद स्वतः वाचण्याचा अधिकार.

निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ साली जिलाबंदी केली, तेव्हा महसुलाचा मक्ता देण्याची जुनी रीत मोडून जिल्हे पाडले गेले आणि अव्वल तालुकदार, तहसीलदार अशी पगारी अधिकाऱ्यांची उतरंड उभी राहिली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व आकारणी सुरू झाली आणि १३१७ फसलीत, म्हणजे १९०७ च्या सुमारास, हैदराबादचा जमीन महसूल कायदा झाला. या सर्व रचनेचा पाया गावात होता, आणि गावात दप्तराचा धनी पटवारी होता. तालुक्याला जाणारा कागद सरकारी भाषेत, म्हणजे उर्दूत, आणि गावातला हिशेब मोडीत वा मराठीत. या दोन लिप्यांच्या मधोमध बसलेला पटवारी गावाचे सर्व ऐहिक ज्ञान आपल्या एका पेटीत बाळगून असे. त्याचे काम वंशपरंपरेचे, त्याचा मोबदला ठरलेला, आणि दप्तराची जोखीम त्याच्या शिरावर. वहीला वाळवी लागली तर जाब त्याला विचारला जाई. म्हणून तो वहीला वाळवी लागू देत नसे. राखण चोख होती यात शंका नाही. पण ती राखण गावासाठी होती असे म्हणण्यास माझे मन धजत नाही. ज्याच्या शेताची नोंद त्या वहीत होती त्याला ती वाचता येत नव्हती, वाचून घ्यावयाची तर पटवाऱ्याच्या ओट्यावर तिष्ठत बसावे लागे, आणि नोंदीत फिरवाफिरव झाली तर ती वर्षानुवर्षे कळत नसे. कुळाचे नाव पाहणी पत्रकातून गळाले आणि त्याला ते कळले पुढच्या पिढीत, अशा कहाण्या मराठवाड्यात ज्याने त्याने आपल्या घरी ऐकलेल्या आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, त्यानंतर हे चित्र पालटू लागले. १९५४-५५ ची खासरा पाहणी झाली, आणि जमिनीचा खटला आला की आजही मराठवाड्यात वकील सर्वप्रथम तेच पत्रक मागतात. १९५६ साली हा प्रदेश मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम व १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम यांनी गाव नमुना सात आणि बारा यांचे जे रूप ठरवले तेच सातबारा म्हणून घरोघर गेले. पटवाऱ्याच्या जागी बदलीची नोकरी असणारा तलाठी आला आणि दप्तर मराठीत आले. तरीही एक अडचण राहिलीच. सज्जात पाच-सहा गावे, तलाठी एक, दप्तर त्याच्या पिशवीत. बी-बियाण्याच्या कर्जासाठी बँकेने उतारा मागितला की शेतकरी प्रथम तलाठ्याच्या मुक्कामाचा शोध घेई. वसमतच्या बाजाराला गेलेला माणूस दिवसभर थांबून रिकाम्या हाती परत येई, कारण तलाठी भाऊसाहेब त्या दिवशी दुसऱ्या गावी पंचनाम्याला गेलेले असत.

संगणक आणावा ही कल्पना या पार्श्वभूमीवर पुढे आली. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना आठ राज्यांतील एकेका जिल्ह्यात प्रयोगादाखल सुरू केली आणि महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, ज्याला सगळे एनआयसी म्हणूनच ओळखतात, त्याच सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टर कचेऱ्यांत उपग्रहाने जोडलेली यंत्रे बसवण्यास आरंभ केला होता. एका थंड केलेल्या खोलीत एक यंत्र, बाहेर पादत्राणे काढण्याची सूचना, आणि आत जाण्यास ठरावीक दोघा-तिघांनाच मुभा, असे त्याचे प्रारंभीचे रूप होते. त्या खोलीकडे लोक देवघराकडे पाहावे तसे पाहत. आदर होता, पण त्यातून यंत्र गावाचे झाले नाही. पुढे तालुक्याच्या ठिकाणी सेतू केंद्रे निघाली, छापील सातबारा हाती येऊ लागला, आणि त्याबरोबरच नव्या तऱ्हेचे प्रमाद दिसू लागले. हस्तलिखितातील ‘पोटखराब’ यंत्रात लागवडीखाली गेले, सामाईक खात्यातील धाकट्या भावाचे नाव गळाले, आणेवारीचे अपूर्णांक चुकले, क्षेत्राचा दशांश चिन्हानंतरचा आकडा एक घर सरकला. घाईने मजकूर भरणारे हात कंत्राटी होते. त्यांना ना गाव ठाऊक, ना शिवार.

सर्वांनी मिळून वापरावयाचे यंत्र चालू कसे ठेवावे, हा प्रश्न केवळ आमचा नाही. १९७३ साली अमेरिकेतील बर्कली या विद्यापीठाच्या गावी काही तरुणांनी ‘कम्युनिटी मेमरी’ नावाचा उपक्रम केला. गाण्यांच्या तबकड्या विकणाऱ्या एका दुकानाच्या दारात त्यांनी टंकयंत्रासारखे एक यंत्र ठेवले, टेलिफोनच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतील एका मोठ्या संगणकास जोडले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही त्यावर आपली जाहिरात लिहावी वा दुसऱ्याची वाचावी अशी मोकळीक दिली. सर्वसामान्य माणसासाठी रस्त्यावर आलेला हा अगदी पहिल्या संगणकांपैकी एक. आणि त्या यंत्राशेजारी त्यांनी एक माणूस बसवला होता, जो लोकांना ते कसे वापरावे हे सांगे व यंत्राकडे लक्ष ठेवी. ज्यांनी ही कल्पना काढली त्यांना, यंत्र दारात ठेवले म्हणजे काम संपले असे वाटले नव्हते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे याच जातीचा मोठा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरला झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची सुमारे ७० गावे १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ या योजनेने संगणकाने जोडण्यात आली; खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, मोठा हिस्सा राज्याचा, आणि दहावा भाग वारणेच्या सहकारी संस्थांचा. गावोगाव केंद्रे निघाली. पिकांची माहिती, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, सरकारी दाखले अशी पुष्कळ कामे त्या यंत्रांकडून व्हावीत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात टिकले ते कारखान्याचे काम: उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, खताची मागणी, पाणीपरवाना. आणि ते तरी का टिकले? कारण कारखान्याला त्याची रोज गरज होती, म्हणून बिघडलेले यंत्र दुरुस्त करून घेण्याची निकडही कारखान्यालाच होती. काही वर्षांनी संगणक जुने झाले, विजेचा लपंडाव आणि दुरुस्तीचा खर्च यांचा भार जाणवू लागला, तेव्हा संशोधकांनी सात गावांत प्रयोग करून दाखवला की हेच काम साध्या मोबाइल फोनवरील संदेशाने कमी खर्चात होते. वारणेचा प्रयोग फसला असे कोणी म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. यंत्राला ज्याची रोज गरज असते तोच त्याला जगवतो, हे त्या प्रयोगाने महाराष्ट्राला आठ-दहा वर्षांत दाखवून दिले होते. परंतु २०११ साली जेव्हा सबंध राज्यातील ग्रामपंचायतींना संगणक देण्याची वेळ आली तेव्हा वारणेचा हा धडा कोणी उघडून पाहिला असे दिसत नाही.

त्या योजनेचे नाव ‘संग्राम’, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. तेराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीत संगणक व प्रिंटर आला, आणि त्यावर काम करण्यासाठी गावातीलच एक शिकलेला मुलगा वा मुलगी संगणक परिचालक म्हणून नेमण्यात आली. तोवर एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाची केंद्रे सेनगाव-कळमनुरीसारख्या ठिकाणी पोचलेली होती; बारावी झाल्यावर ते प्रमाणपत्र काढून ठेवण्याचा परिपाठ पडून गेला होता, आणि म्हणूनच इतक्या गावांत एकाच वेळी असे हात मिळू शकले. योजना कागदावर सुरेख होती. जन्म-मृत्यूची नोंद, रहिवासी दाखला, घरपट्टीचा नमुना आठ, आणि पुढे ग्रामपंचायतीचे एक ते तेहेतीस नमुने, हे सारे यंत्रात जावयाचे होते. यंत्र बसवण्यास वित्त आयोग होता. बसवलेले यंत्र कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या जबाबदारीने जिवंत राहावयाचे, या कलमाशी आले की करारनाम्याची भाषा संदिग्ध होई. नेमणूक मध्यस्थ कंपनीची, जागा पंचायतीची, वीजबिल पंचायतीचे, आज्ञावली दिल्लीची वा मुंबईची, आणि बिघाड मात्र परिचालकाचा.

तो बिघाड म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय समजणार नाही. ग्रामपंचायतीची खोली पत्र्याची; मे महिन्यात आत उभे राहवत नाही. परिचालक सकाळी कुलूप काढतो तो प्रथम मुख्य बटण दाबत नाही, बोर्डावरचा बारीक दिवा पाहतो, कारण रात्री डीपीवर फ्यूज गेला असेल तर पुढचे सारे व्यर्थ. वीज असली तर दाब कमी-जास्त आहे का ते पंख्याच्या गतीवरून ओळखतो; पंखा कण्हत असेल तर यंत्र सुरू न करता थांबतो, कारण मागच्या वर्षी अशाच दिवशी यूपीएस जळाला होता आणि नवा यावयास तीन महिने लागले होते. इन्व्हर्टर असल्यास त्याच्या बॅटरीचे पाणी तपासतो. मग फडक्याने यंत्रावरची धूळ पुसतो, आणि ही धूळ साधी नव्हे: हळदीच्या हंगामात गावात हळद शिजवून, वाळवून, ढोलात घासून पॉलिश करण्याचे काम चालते आणि पिवळा चूर हवेबरोबर सर्वत्र शिरतो, कीबोर्डाच्या फटींत, प्रिंटरच्या कागदाच्या मार्गात, यंत्राच्या पंख्याच्या पात्यांवर. प्रिंट फिकट येऊ लागली की टोनर काढून दोन्ही हातांनी आडवा हलवावयाचा आणि परत बसवावयाचा, म्हणजे आणखी पंचवीस-तीस दाखले निघतात; ही युक्ती त्याला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेली नव्हती. इंटरनेटची तार गटारीच्या खोदाईत तुटली तर ती कोणाच्या हद्दीत तुटली हे ठरेपर्यंत तो आपल्या खिशातील मोबाइलच्या नेटवर पंचायतीचे काम करतो, आणि त्या नेटचे पैसे कोणत्याच नमुन्यात बसत नाहीत.

विजेची गोष्ट तर अधिकच गंभीर होती. २००५ नंतरची सात-आठ वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली, आणि मराठवाड्यातील खेड्यांत दिवसाचा मोठा भाग वीज नसे. संग्रामचे संगणक आले ते याच काळाच्या अखेरीस. ज्या वेळी गावठाणात वीज येई ती वेळ परिचालकाची कचेरीची वेळ झाली. पहाटे आली तर पहाटे, रात्री आली तर रात्री. लोकही ते शिकले. ‘लाइट आली का?’ असे विचारून दाखल्याला येणारी माणसे त्या काळी प्रत्येक गावात होती. पुढे वीज सुधारली आणि तिच्या जागी दुसरा शब्द आला, ‘नेट नाही’, आणि त्यानंतर तिसरा, ‘सर्व्हर डाऊन’. २०११ सालीच देशातील अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर झाली, २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि रस्त्याच्या कडेने तंतू पुरला गेला. पण त्याच कडेने पाण्याच्या योजनेची पाइपलाइन, रस्त्याचे रुंदीकरण आणि मोबाइल कंपन्यांच्या तारा यांचेही खोदकाम चालत राहिले. पुरलेला तंतू तुटला हे कळावयास वेळ, कोठे तुटला हे शोधावयास वेळ, आणि जोडावयास कोण येणार हे ठरावयास त्याहून अधिक वेळ.

या सर्व व्यवस्थेची खरी परीक्षा २०१७ साली झाली, आणि त्या एका वर्षाकडे इतिहासकाराने थांबून पाहावे इतके ते बोधक आहे. उन्हाळ्यात सातबाऱ्याचे चावडीवाचन झाले. हस्तलिखित आणि संगणकीय उतारा यांत पडलेले अंतर भरून काढण्यासाठी सरकारने तलाठ्यांना सांगितले की गावात बसून प्रत्येक उतारा मोठ्याने वाचा, खातेदारांना ऐकवा, चूक निघाली तर टिपून घ्या आणि एडिटच्या सोयीने ती यंत्रात दुरुस्त करा. मला या मोहिमेचे अपार कौतुक वाटते. देशातील कितीतरी तज्ज्ञांनी आज्ञावल्या रचल्या, पडताळणीचे नियम बसवले, आणि तरीही अमक्याच्या खात्यात तमक्याचे नाव कसे आले हे सांगावयास अखेर मारुतीच्या पारावर बसलेले एखादे वयोवृद्ध गृहस्थच उपयोगी पडले, ज्यांना तीन पिढ्यांच्या वाटण्या तोंडपाठ होत्या. ‘भाऊसाहेब, थांबा. गट बारामधली ती विहीर दोघांची हाय, एकाची नाही,’ असे कोणीतरी मधूनच म्हणे, दुसरा त्याला दुजोरा देई, तिसरा आक्षेप घेई, आणि तलाठी पेन्सिलीने कडेला खूण करी. पटवाऱ्याच्या काळात जे वाचनच झाले नाही ते यंत्राच्या काळात झाले. सामाईक दप्तराची दुरुस्ती सामाईक कानांनी झाली.

पण त्याच वर्षीचा पावसाळा उजाडला तो निराळ्याच आपत्तीने. कर्जमाफी जाहीर झाली आणि तिचे अर्ज केवळ ऑनलाइन भरावयाचे ठरले. २४ जुलैपासून ते घेण्यास आरंभ झाला. त्याच महिन्यात पीकविम्याची ३१ जुलैची मुदत होती. पेरणी झालेली, सोयाबीनची कोळपणी चालू, आणि शेतकरी आपल्या बायकोला बरोबर घेऊन केंद्राच्या दारात उभा, कारण अर्ज कुटुंबाचा होता आणि आधारसाठी दोघांचेही अंगठे हवे होते. ‘थंब लागत नाही’ हे वाक्य त्या दोन महिन्यांत हिंगोली जिल्ह्यातील प्रत्येक केंद्रात घुमले असेल. ज्या बायकांनी जन्मभर हळद काढली, कापूस वेचला, भांडी राखेने घासली, त्यांच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला दिसत नव्हत्या. परिचालक त्यांना हात साबणाने धुवावयास लावी, काच ओल्या फडक्याने पुसे, अंगठ्याऐवजी मधले बोट ठेवावयास सांगे, थोडे तेल लावून पाही. एकदा, दोनदा, दहादा. दिवसा राज्यभरातून एकाच सर्व्हरवर भार आला की पान अर्ध्यावर थांबे, म्हणून केंद्रे रात्री उघडी राहू लागली. बाराच्या पुढे पान चटकन उघडे, आणि म्हणून माणसे पांघरूण घेऊन केंद्राच्या ओट्यावर निजत. मुदत वाढत-वाढत २२ सप्टेंबरपर्यंत गेली. त्या अवधीत यंत्र चालू ठेवणाऱ्या पोरांनी किती रात्री जागून काढल्या याची कोठेही नोंद नाही, आणि ती नसणे मला अन्यायाचे वाटते. छावणीतल्या शिपायाचीसुद्धा हजेरी लिहिली जात होती.

तलाठ्यांचेही त्या काळात याहून वेगळे नव्हते. ई-फेरफारची आज्ञावली आली, सहीच्या जागी डिजिटल सहीचा डोंगल आला, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला; वसमतच्या हळद-व्यापाऱ्याला वा औंढ्याच्या शेतकऱ्याला पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडून उतारा काढून घेता येऊ लागला, ही क्रांती लहान नव्हे. परंतु त्या उताऱ्यामागचा फेरफार नोंदवण्यासाठी तलाठी रात्री दोन वाजता लॅपटॉप उघडून बसत, कारण दिवसा सर्व्हर दाद देत नसे. आणि गाऱ्हाणे असह्य झाले की ते आपले डोंगल तहसीलदाराकडे जमा करून निषेध नोंदवीत. पूर्वी गावकामगाराने चावीचा जुडगा कचेरीत आणून ठेवावा, तसाच तो प्रकार. राज्याचा गाडा त्या एका बोटभर यंत्रावर अडतो हे त्यांना ठाऊक होते, आणि सरकारलाही.

परिचालकाच्या हाती असे अडवण्याजोगे काहीच नव्हते. संग्रामचा करार २०१५ च्या अखेरीस संपला आणि पुढच्या योजनेचा निर्णय होईपर्यंतचे महिने हजारो परिचालकांनी काम न करता वा पैशावाचून काम करीत काढले. ११ ऑगस्ट २०१६ च्या शासन निर्णयाने ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. माणसे बहुतेक तीच, यंत्रे पुष्कळ ठिकाणी तीच, फलक नवा. प्रत्येक ग्रामपंचायतीने चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून महिन्याला १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाचे १,४७,९७२, या केंद्रासाठी द्यावयाचे ठरले. त्या रकमेत परिचालकाचे मानधन, कागद, टोनर, देखभाल आणि मध्यस्थ व्यवस्थेचा खर्च असे सगळे कोंबलेले होते, आणि परिचालकाच्या हाती पडणारा भाग शेतमजुराच्या मजुरीशी तुलना करावी इतका थोडा, तोही महिनोन्‌महिने थकलेला. लहान गावांच्या सरपंचांची तक्रारही खोटी नव्हती: ज्या पंचायतीचे वर्षाचे उत्पन्न तुटपुंजे, तिने दीड लाख वरच्यावर कापून द्यावयाचे, आणि टोनर संपला तर पुन्हा स्वतःच्या खिशातून आणावयाचा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आणि मुंबईच्या आझाद मैदानावर परिचालकांचे मोर्चे निघाले, त्यांत मराठवाड्याची पोरे-पोरी मोठ्या संख्येने असत. त्यांची मागणी पैशाइतकीच पदाची होती. ग्रामपंचायतीच्या शिपायाला पद आहे, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला पद आहे. गावाचे सबंध दप्तर ज्याच्या पासवर्डमागे आहे त्याला ते नाही.

पटवाऱ्याच्या दप्तराची राखण चांगली होती कारण ती कोणाची तरी होती, असे मी वर सुचवले. आणि ते दप्तर गावाचे नव्हते, हेही म्हटले. गेल्या पंचवीस वर्षांत दप्तर खरोखरच गावाचे झाले आहे. उतारा, दाखला, ग्रामपंचायतीचा जमाखर्च हे सारे आज सामान्य माणसाला पाहता येते, २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखला ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा अधिकार त्याला दिला आहे, आणि २४ एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराजवर आपल्या पंचायतीने कोणत्या कामावर किती खर्च केला हे कळमनुरीच्या डोंगराळ भागातल्या वाडीवरचा मुलगाही वाचू शकतो. हे श्रेय संगणकाचे आहे आणि ते मोकळ्या मनाने द्यावयास हवे. ज्यांना जुने ते सोने वाटते त्यांनी पाहणी पत्रकातून गळालेल्या कुळांची आठवण ठेवावी. पण राखणीचे काम कोणाचे, या प्रश्नाला प्रत्येक नव्या योजनेने बगल दिली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हा असे मानले गेले की शेतकऱ्याच्या हाती मोबाइल आहे, तो आपल्या बांधावर उभा राहून स्वतः पिकाचे छायाचित्र काढील व नोंद करील, मध्ये कोणी लागणार नाही. पुष्कळांनी केलीही. पण ज्यांच्याकडे तसला फोन नव्हता, ज्यांच्या शिवारात रेंज नव्हती, ज्यांचा गट नकाशावर शेजारच्याच्या शेतात दिसत होता, त्यांच्या नोंदी राहून गेल्या, आणि अखेर गावोगाव सहाय्यक नेमावे लागले.

२०२४ साली राज्य सरकारने ग्रामसेवकाचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे केले आणि तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी. ही दोन्ही पदे गावाच्या दप्तराशी जडलेली, आणि त्यांचा मान वाढला हे योग्यच झाले. त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसून तेहेतीस नमुने यंत्रात भरणारा, बॅटरीला पाणी घालणारा आणि सर्व्हर बंद पडला की लोकांची बोलणी खाणारा परिचालक मात्र आपले पद ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात यावे म्हणून तेव्हाही मोर्चाच काढत होता.